दोन वर्षं ब्लॉग लिहितोय, सर्चमधून कुणी फिरकत नाही, बॅकलिंक विकत घेऊ का?

निशाचर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आकाशनिरीक्षणावर ब्लॉग लिहितोय, दोन वर्षं झाली, वर्डप्रेसवर आहे, आजवर १३० पोस्ट झाल्यात. लिहायला मजा येते, ओळखीतले चारजण वाचतात, छान छान म्हणतात, पण सर्चमधून येणारे वाचक म्हणाल तर औषधालाही नाहीत. सर्च कन्सोल (साइटवाल्यांसाठीचं गूगलचं टूल) उघडून बघितलं तर बऱ्याचशा जुन्या पोस्ट इंडेक्सच झालेल्या नाहीत, म्हणजे गूगलच्या यादीतच नाहीत, समोर लिहिलंय 'डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड'. म्हणजे गूगलला पत्ता माहितीय पण यायची इच्छा नाही, असंच ना?

तर परवा एक मेल आली. पन्नास बॅकलिंक (दुसऱ्यांच्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) देतो, सगळ्या डीए ५० च्या वरच्या साइटवरून, महिन्याभरात पहिल्या पानावर. मला डीए म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं, शोधून वाचलं (डोमेन अथॉरिटी, साइटचं वजन सांगणारा शंभरपैकी आकडा), आणि आता डोक्यात तेच घोळतंय. लिंकांशिवाय ब्लॉग वर येत नाही असं जो तो सांगतो, मग त्या मिळवायच्या कशा, विकत घेतल्या तर बिघडतं काय, आणि आपल्याच पोस्टमध्ये आपल्याच दुसऱ्या पोस्टची लिंक दिली तर तिला काही किंमत असते का ते आपणच आपली पाठ थोपटणं झालं? अनुभवी लोकांनी सांगा, शिव्या घातल्यात तरी चालेल.

खडूस

नका घेऊ. विषय संपला.

टंकबहाद्दर

खडूसशी सहमत, फक्त कारण पण सांगतो. डीए हा आकडा गूगलचा नाहीच, तो मॉझ नावाच्या कंपनीने स्वतःच्या हिशोबाने काढलेला आहे, तसाच डीआर (डोमेन रेटिंग) हा एचरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा. गूगल रँकिंगसाठी यातलं काहीही वापरत नाही. पूर्वी गूगलचा स्वतःचा आकडा दिसायचा, ब्राउझरच्या टूलबारमध्ये हिरवी पट्टी यायची, शून्य ते दहा, लोक त्यावर लिंकांचे भाव ठरवायचे, म्हणून तर ती पट्टी बंद पडली. शेवटची २०१३ च्या डिसेंबरात अपडेट झाली आणि २०१६ मध्ये गेलीच. आता मेल पाठवणाऱ्यांना दाखवायला कुठलातरी आकडा लागतो म्हणून डीए. हा आकडा फुगवता पण येतो, आणि ज्या साइट लिंका विकायलाच बसल्यात त्या तो फुगवून ठेवतातच.

जुना_पापी

आयडीवरून कळलं असेलच, मी हे सगळं करून बसलोय. लांब लिहितो, वेळ असेल तर वाचा.

२०१० च्या सुमाराला माझी एक साइट होती, विषय जाऊ द्या, त्या साइटला वर आणायला मी जे जे मिळेल ते केलं. डिरेक्टरीत नाव नोंदवायचं, अशा शेकडो डिरेक्टऱ्या होत्या ज्या कुणीही उघडून बघत नसे, एकच लेख शब्द इकडचे तिकडे करून वीस ठिकाणी टाकायचा आणि खाली आपली लिंक, दुसऱ्याच्या साइडबारला माझी लिंक माझ्या साइडबारला त्याची, आणि हे सगळं करताना अक्कल अशी की प्रत्येक लिंकवरचा शब्द अगदी एकच, ज्या शब्दाला वर यायचं होतं तोच, एक अक्षर इकडे तिकडे नाही. आणि खरं सांगतो, चालायचं ते. वर्षभर चाललं. मला वाटायला लागलं की मीच काय तो हुशार.

मग २४ एप्रिल २०१२ ला पेंग्विन आलं, म्हणजे असल्या बनावट लिंका पकडणारं गूगलचं अपडेट. सकाळी उठून बघतो तर ट्रॅफिकचा आलेख कड्यावरून उडी मारल्यासारखा. आधी वाटलं ट्रॅकिंगचा कोड उडाला. कोड जागेवर होता, मीच उडालो होतो.

पुढचे सहा महिने काय केलं माहितीय? ज्या लिंका मिळवायला रात्री जागलो त्याच काढा म्हणून लोकांना मेल्या लिहिल्या. निम्म्यांनी उत्तर नाही दिलं, काहींनी काढायचे पैसे मागितले, म्हणजे लावायला पैसे घेणारेही तेच. त्या ऑक्टोबरात गूगलने डिसअव्हाऊ टूल आणलं, म्हणजे 'या या लिंका माझ्या हिशोबात धरू नका' अशी यादी द्यायची, ती दिली. पण तेव्हा पेंग्विन अधूनमधून चालायचं, म्हणजे सुधारलात तरी पुढचा अपडेट येईपर्यंत बसा हात चोळत. २३ सप्टेंबर २०१६ ला पेंग्विन ४ आलं आणि ते मूळ अल्गोरिदममध्ये कायमचं मिसळलं, तेव्हापासून बहुतेक वेळा फालतू लिंकांना ते नुसतं शून्य धरतं, साइटला बुडवत नाही. मी साइट २०१४ लाच बंद केली होती, त्यामुळे त्या सुटकेचा मला काही फायदा नाही :)

निशाचरराव, तुम्हाला आज त्या पन्नास लिंका घेतल्यावर होण्याची जास्त शक्यता काय, तर काहीही न होण्याची. पैसे गेले, लिंका मोजल्याच गेल्या नाहीत, बस. आणि नशीब वाईट असेल तर गूगलचा माणूस बघतो आणि मॅन्युअल अॅक्शन लागते, म्हणजे साइटला शिक्षा, मग सगळं साफ करून पुन्हा तपासणीचा अर्ज करत बसा.

निशाचर

बापरे. पापीकाका, दंडवत. मेल डिलीट केली.

पण एक कळत नाही, माझ्याच विषयावर एक साइट आहे, तिच्या लिंका एका टूलमध्ये बघितल्या तर नुसता कचरा, कुठल्या कुठल्या परभाषेतल्या साइट, जुगाराच्या बिगाराच्या, आणि तरी ती माझ्या वरती आहे. ते कसं?

खडूस

ती त्या लिंकांमुळे वर नाही, त्या असूनही वर आहे. कचरा लिंका प्रत्येकालाच चिकटतात, तुमच्या साइटला पण असतील. टूलमध्ये दिसतं म्हणजे गूगलने मोजलं असं नाही.

गणोबा

एक मूळ गोष्ट सगळे गृहीत धरून चाललेत म्हणून थोडं गणित सांगतो, घाबरू नका, शाळेतलंच आहे.

१९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना जो पेपर लिहिला त्यातली पेजरँकची कल्पना अशी की एक माणूस आहे, त्याला दुसरं काही काम नाही, तो एका पानावर बसतो, तिथली कुठलीतरी लिंक दाबतो, पुढच्या पानावर जातो, पुन्हा कुठलीतरी दाबतो. कधीतरी कंटाळतो आणि भलत्याच पानावर उडी मारतो. असा तो अनंत काळ हिंडत राहिला तर कुठल्या पानावर किती वेळा सापडेल, तो त्या पानाचा पेजरँक. न कंटाळण्याचं प्रमाण पेपरमध्ये साधारण ०.८५ धरलंय. आणि पानाकडे जे आहे ते त्याच्यावरच्या लिंकांमध्ये वाटलं जातं, चार लिंका असतील तर प्रत्येकीला पाव.

आता तुमचा ब्लॉग घ्या. १३० पोस्ट, समजा एका पानावर दहा, म्हणजे तेरा पानं. पोस्टमध्ये एकमेकींच्या लिंका नाहीत. तुमची पहिली पोस्ट बघायला तो रिकामटेकडा माणूस होमपेजवरून निघाला तर 'जुन्या पोस्ट' हे बटण बारा वेळा दाबून तेराव्या पानावर जाईल आणि तेराव्या क्लिकला पोस्ट उघडेल. नुसतं ०.८५ चा तेरावा घात काढा, ०.१२ येतो. आणि हे वाटणी न धरता. प्रत्येक पानावर दहा पोस्टच्या लिंका आणि एक पुढच्या पानाची, म्हणजे दर पायरीला अकरावा हिस्साच पुढे सरकतो. शेवटी त्या पोस्टच्या पदरात काय पडणार? शून्याच्या जवळचं काहीतरी.

आजचं गूगल या एका सूत्रावर चालत नाही, शेकडो गोष्टी बघतं, सूत्रही तेव्हाचं तसंच्या तसं राहिलेलं नाही. पण लिंकांचा हिशोब अजून आत आहे, आणि कुठलं पान आधी क्रॉल करायचं (म्हणजे गूगलच्या प्रोग्रामने जाऊन वाचायचं) हे ठरवताना त्या पानाला आपलीच साइट किती मानते हेही दिसतं. तुम्ही स्वतःच ती पोस्ट तळघरात टाकलीय, गूगलने का उतरायचं?

म्हणजे तुम्ही पन्नास लिंका बाहेर शोधताय आणि इथे काखेत कळसा आहे.

नवखी

गणोबा, वाखुसा (वाचनखूण साठवली). पहिल्यांदाच पेजरँक कळलं. पेज म्हणजे पान असं वाटायचं, ते आडनाव पण आहे हे आत्ता लक्षात आलं.

टंकबहाद्दर

दोन्ही आहे, श्लेष आहे तो.

सावली

माझा ब्लॉग वेगळ्या विषयाचा आहे पण दुखणं हेच होतं, म्हणून काय केलं ते सांगते.

आधी सगळ्या पोस्टची यादी एका शीटमध्ये घेतली. साइटमॅपमधून पत्ते मिळतात. मग एक क्रॉलर (लिंका धरून सगळी साइट फिरून येणारा प्रोग्राम) चालवला, स्क्रीमिंग फ्रॉगची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत चालते, आपल्यासारख्यांना पुष्कळ झाली, आणि प्रत्येक पोस्टकडे आपल्याच साइटवरून किती लिंका येतात ते समोर लिहिलं. सर्च कन्सोलमध्ये पण लिंक्सच्या रिपोर्टात इंटर्नल लिंक्स म्हणून तक्ता असतो. ज्यांच्यासमोर शून्य त्या अनाथ. हा शब्द मी नाही काढलेला, त्यांना ऑर्फनच म्हणतात. यादी बघून मलाच वाईट वाटलं, त्यातल्या काही माझ्या सगळ्यात मेहनतीच्या पोस्ट होत्या.

मग एकेक अनाथ पोस्ट घेऊन बसले. तिच्यातला मुख्य शब्द घ्यायचा, गूगलमध्ये साइट असं इंग्रजीत लिहून कोलन द्यायचा, पुढे आपलं डोमेन आणि मग तो शब्द, की आपल्याच ब्लॉगवर तो शब्द कुठे कुठे आलाय ते निघतं. (इंडेक्स न झालेल्या पोस्ट यात येत नाहीत, त्यासाठी वर्डप्रेसच्या आतला सर्च वापरा.) तुमच्यापुरतं बोलायचं तर समजा कृत्तिका कशा ओळखायच्या यावर एक पोस्ट आहे, तर रोहिणीच्या पोस्टमध्ये, मृगाच्या पोस्टमध्ये, साध्या दुर्बिणीतून काय काय दिसतं त्या पोस्टमध्ये कृत्तिकांचा उल्लेख असणारच. तिथे त्या वाक्यातच लिंक द्यायची. खाली 'हेही वाचा' करून ढीग लावायचा नाही, वाचता वाचता जिथे माणसाला वाटेल की अरे हे बघायला पाहिजे, नेमकं तिथे.

दुसरं, लिंक कुठल्या शब्दांवर देताय ते बघा. मी सगळीकडे 'इथे क्लिक करा' आणि 'या लेखात' असं लिहून ठेवलं होतं, दोनशेच्या वर जागी. त्यातून ना वाचणाऱ्याला कळत ना गूगलला. 'गुरूचे चंद्र दुर्बिणीतून कसे बघायचे' असं लिहिलं की कळतं पलीकडे काय आहे. पण म्हणून प्रत्येक ठिकाणी तेच वाक्य नको, वाक्याच्या ओघात जे येईल ते, कधी 'गुरूचे चार चंद्र', कधी 'आयो आणि युरोपा ओळखायच्या युक्त्या'. फोटोवर लिंक असेल तर फोटोचा ऑल्ट टेक्स्ट (फोटोचं लिहून ठेवलेलं वर्णन) हाच अँकर (लिंकवरचे शब्द) धरला जातो, तुमच्याकडे फोटो भरपूर असतील, ते रिकामे ठेवू नका.

तिसरं आणि मला सगळ्यात कामी आलेलं, मी पाच-सहा मोठी पानं बनवली, एका विषयाचं सगळं एका जागी, क्रमाने, दोन-दोन ओळींची ओळख आणि लिंक. ती पानं मेन्यूत टाकली. म्हणजे कुठलीही पोस्ट होमपेजपासून दोन क्लिकवर आली. गणोबांच्या भाषेत, तेराचा घात दोनवर आला.

चार संध्याकाळी गेल्या. कंटाळवाणं काम आहे, खोटं नाही बोलणार.

नवखी

सावलीताई, पण रिलेटेड पोस्टचं प्लगिन असतं ना, ते हे सगळं आपोआप नाही का करत?

सावली

करतं, काही नसण्यापेक्षा बरं. पण ते टॅग नाहीतर तारीख बघून जुळवतं, आणि माझ्याकडे तर फिरूनफिरून त्याच चार-पाच पोस्ट दाखवत होतं, अनाथ त्या अनाथच. शिवाय काही प्लगिन लिंका जावास्क्रिप्टने नंतर आणतात. गूगलला नीट चालायला साधी एचरेफवाली (पानाच्या कोडमध्ये पत्ता सरळ लिहिलेली) लिंक लागते, बटण दाबल्यावर 'आणखी दाखवा' असं जे उघडतं ते दाबायला गूगलबॉट (पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम) येत नाही.

आणि टॅगवरून आठवलं, मी एकेका पोस्टला पंधरा-पंधरा टॅग दिले होते, प्रत्येक टॅगचं वेगळं पान, त्यात एकच पोस्ट. नुसता पसारा. झाडून काढला.

बिनधास्त

एक टिप माझ्याकडून. बाहेरच्या साइटला लिंक देताना नोफॉलो ('ही लिंक मोजू नको' असं गूगलला सांगणारी खूण) लावा सगळ्यांना, म्हणजे तुमचा लिंक ज्यूस (लिंकांमधून वाहणारं वजन) बाहेर सांडत नाही, सगळा आतच फिरतो. मी कायम असंच करतो.

गणोबा

बिनधास्त, हे २००९ च्या आधीचं शास्त्र झालं. तेव्हा लोक खरंच असं करायचे, पेजरँक स्कल्प्टिंग म्हणायचे त्याला, म्हणजे नोफॉलो लावून लावून रस हव्या त्या पानाकडे वळवायचा. गूगलच्या मॅट कट्सने २००९ मध्ये सांगितलं की नोफॉलो लिंकचा हिस्सा बाकीच्यांकडे वळत नाही, तो नुसता उडून जातो. पानावर दहा लिंका आणि पाचांना नोफॉलो, तर उरलेल्या पाचांना दहावा दहावाच हिस्सा मिळतो, पाचवा नाही. तुम्ही सांडू नये म्हणून भोक बुजवताय आणि पाणी वाफ होऊन जातंय.

जुना_पापी

नोफॉलो कशाला आलं तेही सांगून टाकतो. २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि एमएसएन यांनी मिळून आणलं, ब्लॉगच्या कमेंटमध्ये जो लिंकांचा चिखल व्हायचा त्यासाठी. (त्या चिखलात माझाही हातभार होता.) २०१९ च्या सप्टेंबरात आणखी दोन आले, पैसे घेऊन दिलेल्या लिंकेला स्पॉन्सर्ड आणि वाचकांनी टाकलेल्या लिंकेला यूजीसी. तेव्हापासून गूगल या तिघांना हुकूम न मानता सूचना मानतं. म्हणजे जाहिरातीची लिंक घ्यायला-द्यायला बंदी नाही, फक्त तिच्यावर स्पॉन्सर्ड लिहा आणि तिच्यातून रँकची अपेक्षा ठेवू नका. बाकी तुम्ही एखाद्या चांगल्या पानावरून माहिती घेतलीत तर त्याला सरळ साधी लिंक द्या, घाबरू नका.

कमेंटमध्ये जाऊन 'छान लेख, माझाही ब्लॉग बघा' लिहिणाऱ्यांनी पण हे वाचावं. वर्डप्रेस कमेंटमधल्या लिंकांना आपोआप नोफॉलो लावतं. विकिपीडियावरूनही तेच, तिथल्या बाहेरच्या लिंका नोफॉलो असतात. तिथून एखादा खरा वाचक येईल तर येईल, तेवढाच फायदा.

बिनधास्त

ओके, नवीन कळलं. सगळे काढावे लागणार आता :(

खडूस

अवांतर: अँकर टेक्स्टची ताकद किती होती त्याचा किस्सा. २००३ मध्ये लोकांनी ठरवून 'मिझरेबल फेल्युअर' या शब्दांवर बुश साहेबांच्या व्हाइट हाउसवरच्या पानाची लिंक द्यायला सुरुवात केली. त्या पानावर ते शब्द कुठेही नव्हते, तरी गूगलमध्ये ते शब्द टाकले की पहिलं तेच पान. गूगल बॉम्ब म्हणायचे. २००७ च्या जानेवारीत गूगलने त्यावर उपाय केला. पण तोवर दुकानदारांना कळलं होतं की लिंकवर काय लिहिलंय ते किती महत्त्वाचं, आणि पुढे पापीकाकांसारखे तयार झाले.

जुना_पापी

मान्य आहे :)

टंकबहाद्दर

निशाचर, एक विचारायचं राहिलं. तुमच्या पोस्टचे पत्ते देवनागरीत आहेत का?

निशाचर

हो, वर्डप्रेस शीर्षकावरून बनवतं तेच. सगळे देवनागरी. का? वाईट असतं का ते?

टंकबहाद्दर

वाईट नाही, गूगलला चालतं, सर्चमध्ये नीट देवनागरीत दिसतंही. गडबड होते ती कॉपी-पेस्टमध्ये. देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा काना-मात्रा-वेलांटी यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटची, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटचा टक्क्याचं चिन्ह धरून तीन अक्षरांचा गोळा होतो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. 'कृत्तिका' एवढा लहान शब्द, त्यात क, ऋकार, त, हलन्त, त, वेलांटी, क, काना अशी आठ चिन्हं, झाली बहात्तर अक्षरं. आठ-दहा शब्दांचं शीर्षक असेल तर पत्ता भलताच लांब होतो. कुणी तो मेसेजमध्ये टाकला की टक्का ई शून्य टक्का ए चार अशी माळ, बघणारा व्हायरस समजून उघडत नाही, आणि कधी कधी मधेच तुटतो, मग लिंक दिली तरी ४०४ वर ('पान सापडलं नाही') जाते. लोक लिंक द्यायला तयार असताना पत्ताच आडवा येतो.

नवीन पोस्टना पत्ता छोटा ठेवा, दोन-तीन शब्द, देवनागरी किंवा रोमन तुमची मर्जी. जुने मात्र उगाच बदलू नका.

निशाचर

अरे देवा. मी गेल्या वर्षी सगळे बदललेत. आधी पत्त्यात तारीख यायची, ती काढली. जुना पत्ता आपोआप नव्याकडे वळवायला प्लगिनने रीडायरेक्ट लावला होता.

टंकबहाद्दर

३०१ (कायमचा रीडायरेक्ट) लावला असेल तर काळजी नको, त्यात पेजरँक गळत नाही असं गूगलवाल्यांनी २०१६ मध्येच सांगितलंय. फक्त तुमच्या स्वतःच्या पोस्टमधल्या ज्या थोड्याफार लिंका असतील त्या अजून जुन्या पत्त्यावर जात असणार, त्या नव्या करा. आपल्याच घरात या खोलीतून त्या खोलीत जायला बाहेरून वळसा कशाला. आणि रीडायरेक्टवर रीडायरेक्ट होऊ देऊ नका, गूगलबॉट दहा उड्यांपर्यंत येतो पण माणसाला उशीर होतोच.

नवखी

आतल्या लिंकांचं कळलं. पण बाहेरून एकही लिंक नाही तर चालेल का? मूळ प्रश्न तर तोच होता.

सावली

थोड्या तरी लागतात. आत वाटायला आधी बाहेरून काहीतरी यायला पाहिजे ना. पण त्या मागून मिळत नाहीत, किंवा फार कमी मिळतात. माझ्याकडे ज्या आल्या त्या जवळजवळ सगळ्या दोन-तीनच पोस्टना आल्या, आणि त्या पोस्ट माझ्या सगळ्यात सुंदर लिहिलेल्या नाहीत, त्यात तक्ते आहेत. माणूस स्वतःचं काहीतरी लिहीत असताना त्याला कशाचा तरी आधार द्यायचा असतो, तेव्हा तो लिंक देतो. तुमचं ललित कितीही आवडलं तरी वाचून पुढे जातो. निशाचर, तुम्ही स्वतः केलेल्या नोंदी आहेत का, कुठल्या दुर्बिणीतून काय दिसलं, कुठल्या महिन्यात काय दिसतं, असं काही?

निशाचर

वह्याच्या वह्या आहेत. गुरूच्या चंद्रांच्या जागा रोज रात्री काढलेल्या आकृत्या आहेत, गॅलिलिओने १६१० मध्ये काढल्या तशा, नुसता नाद म्हणून. ब्लॉगवर नाही टाकल्या, म्हटलं कोण बघणार. शनीची कडी २०२५ च्या मार्चमध्ये आडवी होऊन दिसेनाशी झाली त्याच्या आधीची वर्षभराची चित्रं आहेत.

सावली

अहो!!!

खडूस

हा माणूस पन्नास लिंका विकत घ्यायला निघाला होता.

जुना_पापी

निशाचरराव, ते आधी टाका. फोटो आणि आकृत्या टाकल्या की आणखी एक होतं, लोक उचलतात. चिडू नका. इमेज सर्चमध्ये आपली आकृती टाकून कुठे कुठे वापरलीय ते बघायचं आणि दोन ओळींची सभ्य मेल लिहायची, आकृती माझी आहे, वापरलीत आनंद आहे, खाली मूळ पोस्टची लिंक द्याल का. माझ्या नव्या साइटला निम्म्याहून जास्त लिंका याच मार्गाने आल्यात, कारण समोरच्याला थोडी लाज असतेच.

तसंच कुणी तुमच्या ब्लॉगचं नाव घेतलंय पण लिंक दिली नाहीये, तिथेही विचारता येतं. आणि एखाद्या चांगल्या पानावरची लिंक मेलेली दिसली, आणि त्याच विषयावर तुमच्याकडे खरंच चांगलं असेल, तर कळवा. मूळ पान काय होतं ते जुनी पानं साठवणाऱ्या वेबॅक मशीनवर बघता येतं. पण हे शंभर जणांना एकच मजकूर चिकटवून करू नका, ते लगेच ओळखू येतं.

बिनधास्त

गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या ब्लॉगवर लिहिणं?

जुना_पापी

ज्या ठिकाणी तुमचा वाचक आहे तिथे लिहा की, कोण नाही म्हणतंय. नुसत्या लिंकेसाठी नको. मॅट कट्सने २०१४ च्या जानेवारीतच लिहिलं होतं की लिंकेसाठी गेस्ट ब्लॉगिंग आता संपलं म्हणून. 'तू माझी दे मी तुझी देतो' तेही तसंच, दोन मित्र एकमेकांचा उल्लेख करतात त्यात काही नाही, पण वीस जणांचा गट करून चक्राकार लिंका दिल्या की तो नमुना मशीनला लगेच दिसतो.

नवखी

सर्च कन्सोलमध्ये मलाही जुगारवाल्या साइटच्या लिंका दिसतायत. डिसअव्हाऊ करू का?

जुना_पापी

तू स्वतः घेतल्यास का? नाही ना. मॅन्युअल अॅक्शनची सूचना आलीय का? नाही ना. मग हात लावू नकोस. ते टूल माझ्यासारख्यांसाठी आहे. घाईघाईत यादी देऊन चांगल्या लिंका पण मारून टाकलेले लोक मी बघितलेत.

निशाचर

पाच आठवड्यांनी धागा वर काढतोय, कुणी वाट बघत असेल तर.

सावलीताईंनी सांगितलं तसं शीट केलं. १३० पैकी ७१ अनाथ. एकाहत्तर! म्हणजे निम्म्याहून जास्त पोस्टना मी स्वतः कधीही कुठूनही बोट दाखवलेलं नाही. रोज रात्री जेवणानंतर पाच-सहा पोस्ट घेऊन बसायचो, लिंका देता देता जुनं वाचत गेलो, त्यात दोन चुका सापडल्या (एका ठिकाणी व्याध मृगाच्या पश्चिमेला टाकला होता, कुणीही बोललं नाही, यावरून किती लोक वाचत होते ते कळलं). तीन पोस्ट एकाच विषयावर निघाल्या, त्या एकीत मिसळून बाकी दोघींना ३०१ लावला. मेन्यूत चार पानं केली, चंद्र, ग्रह, तारकासमूह आणि दुर्बिणी.

ट्रॅफिकचं विचाराल तर फार मोठं काही नाही अजून. पण 'डिस्कव्हर्ड'वाल्या यादीतून पोस्ट एकेक करून बाहेर पडतायत, रोज सकाळी बघायची सवय लागलीय, आणि सर्चमधून येणाऱ्यांचा आलेख जो जमिनीला चिकटून होता तो दिसण्याइतका वर आलाय.

शनीची चित्रं टाकली. गुरूच्या चंद्रांच्या ४० रात्रींच्या आकृत्या तक्त्यासकट टाकल्या. त्या पोस्टला एक लिंक आली. न मागता. कुणीतरी गॅलिलिओवर लिहिलंय, त्यात 'साध्या दुर्बिणीतून काढलेल्या या नोंदी बघा' असं म्हणून, अँकर एवढाच, 'या नोंदी'.

खडूस

'या नोंदी'. किती वाईट अँकर. त्यांना मेल लिहून बदलायला सांगा.

निशाचर

खडूसराव, हात लावणार नाही त्याला.

सावली

तो तक्ता छान झालाय, बघितला. पण त्या पोस्टमधून गुरूच्या बाकीच्या पोस्टना एकही लिंक नाहीये, आलेला माणूस तिथूनच परत जाईल.

निशाचर

आत्ता करतो.